तीन बाराचा फोन

३ एप्रिल

आज खुर्चीत बसले. प्रादेशिक हवामान केंद्राची प्रमुख. खुर्ची आधीच्या साहेबांच्या उंचीची आहे, माझे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सव्वीस वर्षांपूर्वी याच इमारतीच्या गच्चीवर मी निरीक्षक म्हणून रुजू झाले होते. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला तापमापकासमोर उभं केलं आणि म्हणाले, "डोळा पाऱ्याच्या रेषेत आण. आणि दिसेल तोच आकडा लिही, आवडेल तो नाही." त्यांनी अशा तीन पिढ्या शिकवल्या, म्हणून सगळं केंद्र त्यांना मास्तर म्हणतं. त्यांच्याकडे वरची पदवी नाही, एवढ्यावरून ही खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. ऑगस्टअखेर निवृत्त होतील.

सकाळी सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणाले. मला कसंनुसं झालं. नंतर जिन्यात एकटी गाठून म्हणाले, "पोरी, जेवलीस का?"

९ एप्रिल

लेकीने विचारलं, "आई, तुला कधीपासून प्रमुख व्हायचं होतं?" मी सांगितलं, कधीच नाही. ते खरं नाही. डोंगरावरच्या वेधशाळेत दोन वर्षं काढली, तिथे ओल्या मोज्यांनी पाय कुजायचे, तेव्हापासून व्हायचं होतं. अंदाजकाराची परीक्षा दोनदा नापास झाले, तेव्हाही व्हायचं होतं. आठ वर्षांपूर्वी हे गेले आणि मी राजीनामा लिहून मास्तरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "सोमवारी सकाळची पाळी आहे तुझी." पुढची चार वर्षं दर रविवारी ते घरी यायचे, लेकीचं गणित घ्यायचे. येताना त्यांच्या अंगणातली लिंबं आणायचे, रुमालात बांधून. ती त्यांना मास्तरकाका म्हणते. तिने भौतिकशास्त्र घेतलं ते माझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे.

२ मे

वाईट दिवस. काल दुपारी मी लाल इशारा दिला. शाळांचे उन्हाळी वर्ग सुटले, बाजार बंद झाला, धरणाच्या पाण्यावरच्या लाँच थांबल्या, इस्पितळाने तळमजल्यावरचे रुग्ण वर हलवले. ढग आला, शहरावरून गेला, आणि चार थेंबसुद्धा पडले नाहीत. संध्याकाळी लख्ख ऊन.

आज वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलंय. छत्री उघडून पलंगाखाली लपलेली बाई. चष्मा माझाच आहे. मुख्यालयातून महासंचालकांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "आम्ही तुमच्यावर मोठा भरवसा टाकलाय." आणि फोन ठेवला, ते जास्त लागलं.

मास्तर म्हणाले, "वादळ आलं नाही त्या दिवशी कुणी मेलंही नाही. वहीत एवढंच लिहायचं आणि घरी जायचं."

त्यांना घरी जाणं सोपं आहे. व्यंगचित्र त्यांचं आलेलं नाही.

६ मे

परिपत्रक काढलं. यापुढे कोणताही लाल इशारा माझ्या मंजुरीशिवाय जाणार नाही. इतके दिवस पाळीवरचा अधिकारी स्वतःच देत असे. सगळ्यांनी सह्या केल्या. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"तुम्ही बाहेर असलात तर?"

"फोन करा. मी कुठेही असले तरी उचलीन."

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, वेळही घातली. ते नेहमी वेळ घालतात.

१९ मे

नऊजण.

आज जास्त लिहिता येणार नाही.

२० मे

लिहिलं पाहिजे.

काल लेकीच्या कॉलेजात बक्षीस समारंभ होता. विभागात पहिली आली होती. मी पहिल्यांदाच कामाच्या दिवशी तिच्यासाठी सुट्टी काढली. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तीन वाजून बारा मिनिटांनी मास्तरांचा फोन आला. मी वाकून बाहेर व्हरांड्यात गेले. लेक माझी पर्स घेऊन मागोमाग आली, तिचं नाव अजून पुकारायचं होतं.

मास्तर म्हणाले, "पश्चिमेचा ढग खचतोय. खाली वारा सुटणार, पाण्यावर सुटणार. लाल द्यायला हवा. देऊ?"

मी विचारलं, "खात्री आहे?"

"ढगाची खात्री कुणाला असते? माझं मत आहे."

मला ती पलंगाखालची बाई दिसली. खरंच दिसली. मी म्हणाले, "पुढचं चित्र येऊ दे. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

रडारचं पुढचं चित्र तीन बावीसला आलं. त्यांनी पुन्हा फोन केला, मी लगेच हो म्हणाले. तीन पंचवीसला धक्क्यावरच्या तिकीटवाल्याकडे निरोप पोहोचला. लाँच तीन सतराला सुटली होती. सोसाट्याचा वारा आला तेव्हा ती पाण्याच्या मधोमध होती. सव्वीस माणसं, नऊ गेली. त्यांत पलीकडच्या गावात शिकवणारी एक शिक्षिका होती. तिच्या पिशवीत उन्हाळी वर्गाच्या उत्तरपत्रिका होत्या. आज काठावर पोलिसांनी त्या दगडाखाली दाबून वाळत घातल्या होत्या. काहींवर लाल शाईचे गुण अजून दिसत होते.

तीन बारा ते तीन सतरा. पाच मिनिटं होती. तिकीटवाल्याला फोन लावायला एक मिनिट लागतं.

२२ मे

चौकशी समिती येणार म्हणून आज नोंदवही मागवली. १९ तारखेच्या पानावर मास्तरांचं अक्षर आहे, नेहमीसारखं, छापल्यासारखं:

"३.१२ – पश्चिमेचा ढग खचण्याची चिन्हं. तीव्रतेबद्दल खात्री नाही. पुढच्या चित्रासाठी थांबण्याचा निर्णय पाळी अधिकाऱ्याने स्वतः घेतला. ३.२२ – प्रमुखांना कळवलं. तत्काळ मंजुरी."

तीनदा वाचलं. पाळी अधिकारी म्हणजे तेच. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. ते पेनात शाई भरत होते.

"मास्तर, हे पान..."

"वाचलंत ना? मग झालं." वर बघितलं नाही. "समिती मंगळवारी येतेय. तोवर झोप काढा जरा, डोळे बघा केवढे झालेत."

घरी येईपर्यंत विचार केला. त्यांना खरंच असं आठवत असेल का? वयही झालंय, आणि त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? शिवाय नोंदवहीत मागाहून फेरफार करणं हा गुन्हाच आहे. मी ते पान बदलू शकत नाही. माझ्या अधिकारातच नाही.

२६ मे

मंगळवार. समिती. मुख्यालयातले दोघे, एक वयस्कर, एक तरुण. माझ्याच खोलीत बसले. मास्तर समोर, मी बाजूला.

तरुण अधिकाऱ्याकडे माझ्या फोनची यादी होती. ती मी विसरलेच होते. तो म्हणाला, "मॅडम, तीन बाराला तुम्हाला यांचा फोन आलाय. एकेचाळीस सेकंद. कशासाठी होता?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते, म्हणजे तीन-चार सेकंद असतील. मी तोंड मिटलं.

मग मास्तर म्हणाले, "मी केला होता साहेब. त्यांच्या मुलीला बक्षीस मिळालं का, ते विचारायला."

वयस्कर अधिकाऱ्याने चष्मा काढला. "ढग खचतोय असं तीन बारालाच लिहिलंय तुम्ही. आणि त्याच मिनिटाला तुम्ही बक्षिसाची चौकशी करत होतात?"

"हो."

"मॅडम?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

३१ मे

बातमी बाहेर फुटली. सगळ्या वर्तमानपत्रांत आहे. "लाँच बुडत असताना बक्षिसाची विचारपूस." मास्तरांचा जुना फोटो छापलाय, केस काळे असतानाचा.

लेकीने सकाळी पेपर वाचला, घडी घालून जागेवर ठेवला आणि आंघोळीला गेली. बक्षिसाची ढाल तिने कपाटात, जुन्या चादरींखाली ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाली, "धूळ बसते." परीक्षेचा ताण दिसतोय. जेवतही नाही नीट. या वयात मुली घुम्या होतातच, मीही होते.

७ जून

रविवार. लेक सकाळीच लायब्ररीत गेली, दुपारी आली. रविवारी लायब्ररी उघडी असते हे मला माहीत नव्हतं. येताना पिशवीभर लिंबं आणली. मैत्रिणीकडची म्हणाली. सरबत केलं. तिने घेतलं नाही. मी एकटीच प्यायले, बरं वाटलं. किती दिवसांनी घरात काहीतरी ताजं आलं.

१५ जून

मास्तरांना सेवेतून काढल्याचा आदेश आला. निवृत्तीला अडीच महिने राहिले होते. मीच त्यांना तो दिला, नियमाने मलाच द्यावा लागतो. त्यांनी पोचपावतीवर सही केली, तारीख घातली, वेळ घातली. किल्ल्या टेबलावर ठेवल्या: गच्चीची, उपकरणांच्या पेटीची, जुन्या नोंदींच्या कपाटाची.

मी म्हणाले, "मास्तर, मी वर बोलते आहे. काहीतरी करीन."

ते म्हणाले, "बरं."

निरोपाला कुणी जमलं नाही. शिपाई तेवढा फाटकापर्यंत गेला.

१८ जून

आज शिक्षिकेचा नवरा कार्यालयात आला. सुतार आहे. हातांच्या रेघांत भुसा बसलेला. मास्तर कुठे भेटतील म्हणून विचारत होता. मी सांगितलं, ते आता इथे नाहीत. पाणी दिलं. त्याने ग्लास हातात धरला, प्यायला नाही.

"भांडायला नाही आलो. एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्या मुलीला बक्षीस कशाचं मिळालं होतं?"

मी म्हणाले, "भौतिकशास्त्राचं."

"अच्छा." ग्लास टेबलावर ठेवत म्हणाला, "आमची ही विज्ञानच शिकवायची."

ती मुलगी माझी आहे, हे त्याला माहीत नव्हतं की माहीत असून तो बोलला नाही, कळलं नाही. तो गेल्यावर मी दार लावून बसले. संध्याकाळचा अंदाज दुसऱ्याकडून लिहून घेतला.

२९ जून

मुख्यालयातून पत्र. "कठीण प्रसंगात केंद्र ज्या संयमाने सांभाळलं" वगैरे. उपमहासंचालकपदासाठी माझं नाव पुढे गेलंय. सप्टेंबरपासून. इथून आजवर कुणीच तिथे गेलेलं नाही.

सव्वीस वर्षं. हे असते तर आज काय म्हणाले असते? लेकीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मास्तरकाकांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"तू सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. मी म्हणाले, अगं, तू कशाला सांगशील, त्यांची तुझी भेट तरी कुठे होते हल्ली.

५ जुलै

आज मास्तरांच्या घरी गेले. पत्र पर्समध्ये होतं. खरं काय सांगायला चालले होते, ते दारापर्यंत माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

पायरीवर लेकीच्या चपला होत्या. निळ्या पट्ट्यांच्या, मीच घेतलेल्या. अंगणात लिंबाचं झाड आहे, फळांनी वाकलेलं. तिथेच उभी राहिले. किती रविवार झाले असतील ते मोजलं.

वहिनींनी दार उघडलं. मास्तरांच्या घरच्या, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना आमच्याकडे राहिलेल्या. "या" म्हणाल्या. "ये" नाही म्हणाल्या.

मास्तर खाटेवर, लेक खाली चटईवर वही घेऊन बसलेली. मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "मी व्हरांड्यात होते आई. तुझ्या मागे उभी होते, पर्स घेऊन. 'पुढचं चित्र येऊ दे' म्हणालीस. ऐकलंय मी."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"काकांनी शपथ घातली होती. ते म्हणाले, आई स्वतः बोलेल. तिला बोलू दे."

मी मास्तरांकडे वळले. दाढी वाढली होती, गालफडं आत गेली होती. मी विचारलं, "का केलंत असं? मी सांगितलं होतं का करायला?"

"नाही सांगितलंस," ते म्हणाले. खूप दिवसांनी अगंतुगं केलं त्यांनी. "त्या संध्याकाळी तू धक्क्यावरून आलीस. तुझे हात बघितले मी, बाटलीचं बूच उघडता येत नव्हतं तुला. म्हटलं, आज हिला विचारलं तर ही मोडून पडेल. म्हणून ती ओळ लिहिली. तुला एक दिवस मिळावा म्हणून, पोरी. एकच. दुसऱ्या दिवशी येऊन तू म्हणशील, मास्तर हे चुकीचं लिहिलंय, आणि माझा कान पकडशील. पेनात शाई भरून तयार बसलो होतो."

मला ते पेन आठवलं.

"समितीसमोरही थांबलो मी. तू तोंड उघडलंस, मला वाटलं आता बोलतेस. तू नाही बोललीस. मग कुणीतरी बोलायला हवं होतं."

वहिनी आतून म्हणाल्या, "बाजारात यांच्या अंगावर थुंकलं एकजण. तेव्हापासून बाहेर पडले नाहीत."

"ते कशाला आता," मास्तर म्हणाले.

पत्र मी काढलं नाही. लेक माझ्याबरोबर घरी आली नाही.

६ जुलै

सकाळी निवेदन लिहिलं. दीड पान झालं. तीन बाराला फोन कशासाठी आला, मी काय म्हणाले, आणि समितीसमोर मान का हलवली. शेवटचं कारण लिहिताना तीनदा खोडलं. शेवटी "भीतीमुळे" एवढंच ठेवलं. समितीला, महासंचालकांना आणि वर्तमानपत्रांना पाठवलं.

महासंचालकांचा दुपारी फोन. "हे आता कुणाला हवं होतं? प्रकरण मिटलं होतं."

मी म्हणाले, "मिटलं नव्हतं साहेब. ते फक्त दुसऱ्याच्या घरात होतं."

७ जुलै

पेपरात येण्याआधी सुताराला स्वतः सांगायचं होतं. त्याची कार्यशाळा घराच्या मागे पत्र्याखाली आहे. शाळेचा एक बाक दुरुस्तीला आलेला होता, त्याला तो पॉलिशपेपर मारत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती मुलगी माझी, फोन इशाऱ्यासाठीच होता, थांबा मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. "किती वेळ थांबायला सांगितलं होतं तुम्ही?"

"दहा मिनिटं."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग दुसरा बाक माझ्यापुढे सरकवला. "बसा. दहा मिनिटं बसा इथे."

बसले. तो समोर बसला. शेजारी कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं, बादली भरली, दुसरी लावली, तीही भरली. त्याने एकदा बाकावरून हात फिरवला. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्याच्यासमोर रडण्याचा मला काही हक्क नव्हता. एवढा वेळ असतो दहा मिनिटांत. तेवढ्यात माणूस लाँचमधून उतरून, तिकीट परत करून, चालत घरी येऊ शकतो.

"झाली," तो म्हणाला. "जा आता."

२२ ऑगस्ट

निकाल आला. मला सेवेतून काढलं. ते बरोबर आहे.

मास्तरांची बडतर्फी रद्द झाली. त्याऐवजी सक्तीची निवृत्ती. लाँच बुडाल्याचा दोष त्यांच्यावर नाही, पण सरकारी नोंदवहीत खोटी नोंद केल्याचा शेरा कायम. मी समितीपुढे हात जोडले. सांगितलं की चाळीस वर्षांत त्या माणसाने एक दशांशसुद्धा चुकीचा लिहिला नाही. वयस्कर अधिकारी म्हणाले, "ही एक ओळ लिहिलीय ना? त्यांच्याच अक्षरात आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलला असतात तर आम्ही ती दुरुस्ती म्हणून धरली असती."

दुसऱ्या दिवशी. म्हणजे एकच दिवस पुरला असता.

२४ ऑगस्ट

लेक होस्टेलवर राहायला गेली. तिचं सामान मी रिक्षात ठेवलं. "फोन करीन," म्हणाली. मला कवेत घेतलं नाही, पण रिक्षा सुटताना माझ्या हातावर हात ठेवला, जरासा. तेवढ्यावर आज दिवस निघाला.

३१ ऑगस्ट

आज एरवी मास्तर निवृत्त झाले असते. केंद्रात हार, भाषणं, चहा झाला असता. मी भाषण केलं असतं, ते मनात कितीदा तयार केलं होतं.

दुपारी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त समोर बसायचं होतं. बोलले नसते तरी चाललं असतं, रागावले असते तर फारच बरं झालं असतं.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. अंगावर घरातलं पातळ, हाताला पीठ. चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेल्या होत्या. आतून खाट करकरली. मास्तरांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक झालेला:

"कोण आलंय गं?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मीही त्यांच्याकडे बघत होते. बोलायला माझ्याजवळ वेळ होता.

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या.

मी मान हलवली. पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं. त्यांना पुन्हा बाहेर यावं लागू नये म्हणून फाटक मीच ओढून घेतलं, आवाज होणार नाही असं.